बदलीचं कापड

बांधासाठी जुनी सुती कापडं द्या म्हटल्यावर सोसायटीतल्या झाडून सगळ्या घरांनी मेलेल्या माणसांची कपाटं उघडली. ठरवून कोणी केलं नाही. पण माणूस गेला की त्याच्या शर्ट-लेंग्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचत नसतं. भांडीवालीला द्यायला हात धजत नाही आणि ठेवावं तर कपाट अडतं. चांगल्या कामाचं निमित्त मिळालं, आणि मजल्यामजल्यावरून गाठोडी खाली आली.

ती आली अंबिकाच्या दारात. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीच्या पार मागच्या रांगेत, जिथे इमारती संपतात आणि ओस पडलेली मिठागरं सुरू होतात, तिथे तळमजल्यावर तिचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकी रेघ. ती रेघ दर वर्षी रंग देऊनही वर यायची. पाऊस आणि उधाण एका दुपारी जमून आले की खाडीचं पाणी गटारातून उलटं चढायचं आणि थेट अंबिकाच्या ओट्याखाली येऊन बसायचं. पाच वर्षांपूर्वी त्याच पाण्यातून तिचा नवरा यतीन आईची औषधं आणायला गेला होता. औषधं आणली, आठवड्याने ताप आला, आणि तापातच गेला. डॉक्टरांनी सांगितलं ते पाण्यातलंच दुखणं होतं.

या वर्षी मात्र पाण्याचा बंदोबस्त व्हायचा होता. स्वप्नील नावाचा एक चष्मेवाला तरुण एका संस्थेतर्फे ते काम बघत होता. त्यानं गच्चीवर सगळ्यांना जमवून समजावलं होतं. "काकू, पाण्याला नुसतं अडवून भागत नाही, त्याला बसायला जागा पण द्यायला लागते." खाडीकडचा मिठागराचा जुना बांध दोन ठिकाणी फोडायचा, म्हणजे भरतीचं पाणी तिथेच पसरेल आणि तिवरांची खारफुटी पुन्हा उगवेल. इमारतींच्या मागे एक ठेंगणा, रुंद बांध घालायचा. तोही कापडाच्या लांब लोडांत चिखल भरून, त्यात तिवरांची रोपं लावून. प्लास्टिकच्या गोणी नकोत, त्यातून मुळं जात नाहीत. सुती कापड दोन-तीन पावसाळ्यांत कुजून जाईल, तोवर मुळं चिखलाला धरतील. मग बांध कोणाच्या आधाराशिवाय उभा राहील.

बोलणं पटण्यासारखं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि शिवायचं काम साहजिकच अंबिकाच्या गळ्यात पडलं.

शिवणाऱ्या बाईला कापडावरून माणूस कळतो. वरच्या मजल्यावरच्या चंपाबेनने नवऱ्याचे झब्बे दिले होते, त्यांना अजून तपकिरीचा वास होता. कोणाच्या सासऱ्याचं धोतर होतं, कोणाच्या आईची मऊ झालेली पातळं, एका खिशात सुपारीचा तुकडा. अंबिका शर्टाला शर्ट, झब्ब्याला पातळ जोडत गेली आणि मनात म्हणाली, सगळा स्वर्गवासी मंडळींचा कारभार आहे. तिला गंमत वाटली. तेव्हा वाटली.

तिच्याही घरातून एक कापड जायला हवं होतं. शिवणारीनेच हात आखडता घेतला तर लोक काय म्हणतील? यतीनचे बाकीचे कपडे केव्हाच गेले होते. उरला होता एकच, निळ्या चौकड्यांचा शर्ट, आजारी पडायच्या आदल्या दिवशी अंगातून काढलेला. तेराव्यानंतर तिनं तो न धुता उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड मशीनवर शिवून टाकलं होतं. वास राहावा म्हणून. तो अभ्रा तिनं पाच वर्षांत एकदाही उसवला नव्हता. वास खरंच राहिलाय का, हे बघायचीही तिला भीती वाटायची.

तो शर्ट काढायला ती कपाटापाशी गेली आणि तशीच परतली. दोरीवर तिच्या मुलाचा, कौस्तुभचा, कॉलेजातला शर्ट लोंबत होता. तोही निळाच, कॉलर विरलेला, घामेजलेला. तिनं तो ओढला आणि लोडात शिवून टाकला.

आतल्या खोलीत पलंगावर तिची सासू हंसा पडून असायची. पेणकडच्या खारातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरची बाई, भाईंदरला येऊन चाळीस वर्षं झाली तरी जिभेवरचं गाव उतरलं नव्हतं. वर्षभरापूर्वी तिच्या पायांनी जे राम म्हटलं ते म्हटलंच. हात मात्र शाबूत होते, पडल्या पडल्या गोधड्यांचे तुकडे जोडत असायची.

"आपल्यातून कुनाचा दिलास गो?" तिनं आतून विचारलं.

"यांचाच, आई. निळा."

म्हातारीनं हातातली सुई गोधडीत टोचून ठेवली. मग म्हणाली, "बरा न्हाय केलास." अंबिकाला वाटलं, पोराच्या आठवणीनं बोलत असेल. तिनं मशीन चालू केलं.

पाऊस लागायच्या आत बांध झाला. आषाढी पौर्णिमेच्या उधाणाला दुपारी पाणी चढलं, फोडलेल्या बांधातून मिठागरांत शिरलं, पसरलं, आणि नव्या बांधापाशी येऊन थांबलं. मागच्या रांगेतल्या एकाही घरात थेंब आला नाही. बायका छत्र्या घेऊन बघायला गेल्या. स्वप्नील सगळ्यांचे फोटो काढत होता. अंबिकाही गेली, आणि बांधावर पाय ठेवताच तिनं नाक वर करून हुंगलं.

वारा खाडीकडून येत होता, तरी चिखलाचा वास नव्हता. वास होता तपकिरीचा. जरा पुढे गेल्यावर सुपारीचा, त्याच्यापुढे खोबरेल तेलाचा. पाण्याकडेला ओल्या मातीत पावलं उमटली होती, अनवाणी, सगळी बोटं खाडीकडे केलेली. येतानाची पावलं नव्हती आणि जातानाचीही नव्हती. पांढरे बगळे बांधभर बसले होते, पण मध्ये मध्ये एकेका माणसापुरती जागा सोडून. देवळाच्या ओट्यावर म्हातारे बसले की पोरं जशी अंतर राखून बसतात, तसे.

चंपाबेन एका जागी थबकल्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढून घेतला, नवरा समोर असताना ओढायच्या तसा. "अंबिका, मला वाटते ना, कोणी खाकरला," त्या हळूच म्हणाल्या. मग काही न बोलता घरी गेल्या.

एकाच ठिकाणी बगळे दाटीवाटीनं बसले होते. तिथे कोणासाठी जागा सोडलेली नव्हती. आणि नेमकं तिथेच बांधाच्या पोटातून पाणी पाझरत होतं. चिखलातून निळं कापड दिसत होतं. कॉलर ओळखायला अंबिकाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

तेवढ्यात कौस्तुभ आला.

तो मीरा रोडला एका मोबाइलच्या दुकानात कामाला होता. या वेळी तो दुकानात असायला हवा होता. तो दुकानाच्या गणवेशात, बूट घातलेलेच, कोणाकडेही न बघता बांधावरून चालत आला, बगळे उडाले, आणि तो त्या पाझरत्या जागी पाण्यात उतरून पोटरीभर पाण्यात उभा राहिला. तोंड खाडीकडे, हात पाठीमागे. त्याच्या पाठीमागचा पाझर बघता बघता थांबला.

"कौस्तुभ, अरे काय करतोयस? दुकान?"

"बरं वाटतंय इथे," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण तो आईशी बोलत नव्हता.

अंबिकानं हात धरून ओढलं. चांगली खातीपिती बाई ती, पण पोरगं जागचं हललं नाही. ओहोटी लागली तेव्हा तो दचकला, बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मी रिक्षात होतो ना?" घरी येऊन तो संध्याकाळपर्यंत झोपला. दुकानातून फोन आला, तिनं पोटदुखीचं कारण सांगितलं.

स्वप्नीलनं त्या जागी दोनदा चिकणमाती भरली. "कळतच नाहीये काकू. सगळीकडे सेम काम केलंय, हाच एक लोड खचतोय," तो म्हणाला. लोड खरंच खचत चालला होता. तिथे खड्डा पडत होता, आणि पुढच्या उधाणाला तिथे उभं राहणाऱ्याच्या कमरेला पाणी लागणार होतं.

पुढचं उधाण दिव्यांच्या अवसेचं. अंबिकानं कौस्तुभला घरी ठेवून घेतलं, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली पोटाशी खोचली. दिवे घासून पाटावर मांडले होते. दुपार भरत आली तसा तो उठला, दारापाशी गेला, आणि दाराकडे तोंड करून, हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. ओरडला नाही, दार वाजवलं नाही. अंबिका बघत असताना त्याची पँट खालून भिजायला लागली. आधी पोटरी, मग गुडघा, मग कंबर. कोरड्या लादीवर खारं पाणी ठिबकत होतं. पाटावरचे दिवे एकामागून एक विझले. त्याचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले, आणि ती त्याला टॉवेलानं पुसत सुटली. पुसलेलं पुन्हा भिजत होतं.

ओहोटी लागल्यावर तो खाली बसला. अंबिका त्याला अंथरुणात घालून आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून रडली.

"ते कापड यांचं नव्हतं आई. मी खोटं बोलले. कौस्तुभचं दिलं."

"ठावं हाय मना," हंसा म्हणाली. "बांध घातला त्या दिवशीच पोर जेवता जेवता उठला आन खाडीकडं तोंड करून बसला. मना कललं."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या गावात खारात शेती, समुद्राशी रोजचा झगडा. बांधाला खांड पडली, भगदाड झालं की सगळा गाव चिखल घेऊन धावायचा, आणि खांड बुजवताना प्रत्येक घर आपल्या एका माणसाचं अंगावरचं कापड त्यात घालायचं. न धुतलेलं, घामाचं. ज्याचं कापड बांधात, त्यानं दर उधाणाला येऊन आपल्या जागी उभं राहायचं. बोलावणं पाठवायला लागत नसे. पाय आपोआप वळायचे.

"तुजा सासरा, हरिश्चंद्र, नोकरीला मुंबईस निंगाला. दोनदा पेणच्या स्टँडवरशी मागारी आला. लोकांना वाटला बायकोची आठवन आली." म्हातारीच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "मग त्याचे जाग्यावर माजे धाकटे दिरानं, सदूनं, आपला बनियन घातला. बदली. तवा कुठं हा सुटला."

"आणि मेलेल्याचं कापड?"

"मेल्याचा कापड कोन देतो गो बांधाला? त्याला इसावा नको? तुमचे सोसायटीनं सगली मेलेली मानसं कामाला लावली." ती थोडं थांबली. "उभी हायत बिचारी. कापड कुजंल तवा सुटतील."

अंबिकाला आता करायचं ते उघड होतं, आणि म्हातारीलाही ते उघड होतं. पोराच्या जागी बदली घालायची. पण कोणाची? नारळी पौर्णिमेचं उधाण वर्षातलं मोठं. खड्डा अजून खचणार, पाणी छातीच्या वर जाणार. पोराला गावी पाठवून उपयोग नव्हता, कुलूप लावून उपयोग नव्हता. भिंतींच्या आत तो बुडाला असता.

"माझंच घालते," शेवटी अंबिका म्हणाली. "माझी साडी."

"आन तू बुडालीस मंग? पोराला कोन हाय?"

"मग यांचा शर्ट घालते. मेलेलं माणूस परत बुडत नाही, आई."

हंसानं भिंतीकडे तोंड केलं. "पान्यानंच गेला तो," ती भिंतीला म्हणाली. "माजे गोल्या आनायला गेला. त्याला परत पान्यान उभा करू नको."

अंबिकालाही तेच वाटत होतं, म्हणून तिला राग आला. माणसाचं असं असतं, आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की झोंबतं. ती फाडकन म्हणाली, "तुमचा मुलगा गेलाय. माझा जिवंत आहे." म्हणून झाल्यावर तिला लाज वाटली. पण शब्द तिनं मागे घेतले नाहीत, आणि म्हातारीनंही पुढे वाद घातला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं कपाटातून अभ्रा काढला. हंसानं हात पुढे केला. "आजचा दिस माजेकडं राहू दे. परत कुठला भेटतो." अंबिकानं तो तिच्या उशाशी ठेवला. त्या दिवशी म्हातारी जेवली नाही, गोधडीचं गाठोडं पुढ्यात घेऊन दार लोटून बसली. अंबिकानं तिला तिचं रडू दिलं.

पौर्णिमेला सकाळी ओहोटी होती. अंबिका अभ्रा पोटाशी धरून, कात्री आणि दाभण घेऊन बांधावर गेली. तिवरांची रोपं हातभर झाली होती. काहींच्या बुंध्याभोवती सुईसारखी मुळं चिखलातून वर आली होती. निळ्या लोडावरची रोपं मात्र मान टाकून पडली होती. तिनं लोडाची शिवण उसवली, चिखलात कोपरापर्यंत हात घातला, आणि कौस्तुभच्या शर्टाची कॉलर हाताला लागली तशी ओढून बाहेर काढली. डोळ्यांत पाणी उभं होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. अभ्रा तिनं एकदा तोंडाला लावला. वास आला तो चिखलाचाच, हात भरले होते म्हणून. मग तो आत सारला, दाभणानं लोड शिवला, आणि यतीनला म्हणाली, "माफ करा. पोरासाठी करतेय."

घरी येऊन तिनं पुढचं दार लावलं आणि कौस्तुभसमोर बसून राहिली. तिकडे चौक-उत्तनच्या कोळीवाड्यांत आज खाडीला नारळ सोडायची धांदल असेल. इकडे नारळीभात मंद आचेवर होता आणि ती पोराच्या पँटीच्या टोकांकडे बघत होती. पाऊस दणकून आला. दुपार भरली. बाहेर पाणी चढल्याचा तो जड, सुस्त आवाज मिठागरांवरून आला. कौस्तुभ उठला, आणि अंबिकानं दाराला पाठ लावली.

"भात झाला का?" त्यानं विचारलं. "भूक लागलीय."

त्याच्या पँटीची टोकं कोरडी होती. तिनं हात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग त्याला ताट वाढलं, वाढताना दोनदा भात खाली सांडला. पोरगं सुटलं होतं. तो आनंद तिला घासभरसुद्धा पुरला नाही, कारण लगेच डोळ्यासमोर आलं ते यतीनचं. तो आता तिथे उभा असणार. ज्या पाण्यानं त्याला नेलं त्या पाण्यात, छातीभर. तिला बघवणार नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पाच वर्षांत एकदा तरी त्याची पाठ दिसावी, एवढंच ती देवाकडे मागत आली होती. असं मागणं पुरं झालं की काय होतं हे देवाला विचारायचं राहून गेलं होतं.

"आजी झोपलीय का बघ," असं कौस्तुभला सांगून तिनं छत्री घेतली आणि बाहेर पडली.

बांधावर चिटपाखरू नव्हतं, बगळेही नव्हते. पाणी काठोकाठ, राखाडी, हलत नसल्यासारखं. पावसाच्या धारा सरळ खाली येत होत्या, पण बांधाच्या कडेने ठरावीक अंतरावर त्या जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर फुटत होत्या, खांद्यांच्या रुंदीवर ओघळत होत्या. तपकीर, सुपारी, खोबरेल. अंबिका एकेका वासाला वाट देत पुढे गेली. कोणाला धक्का लागू नये म्हणून ती अंग चोरून चालत होती.

निळ्या लोडापाशी कोणीतरी उभं होतं. तोंड खाडीकडे, पाठ अंबिकाकडे. पाणी छातीला लागलं होतं. पण यतीन उंच होता, आणि ही आकृती अंबिकाच्या खांद्याएवढी होती. पांढऱ्या केसांची बुचडी, पाण्यावर तरंगणारा हिरव्या लुगड्याचा पदर.

आणि तेव्हा अंबिकाच्या बोटांना सकाळचं आठवलं. अभ्र्याचं तोंड तिनं मशीनवर शिवलेलं होतं. आज हाताला लागला होता तो धावदोरा, गोधडीला घालतात तसा लांब टाक्यांचा.

छत्री टाकून ती पाण्यात उतरली. "आई, तुम्ही चाललात कशा?"

"मी कुठं चालले?" हंसा समोर बघत म्हणाली. "बांधानं आनली. मागल्या दारानं. वर्सानं पाय लागले गो जमिनीला, बरा वाटला."

"तुम्ही बुडाल इथे. चला घरी."

"ओहटी लागल्याबिगर न्हाय. तू जा, पोर एकटा हाय." तिच्या हनुवटीला लाटेचं पाणी लागत होतं, आणि तिचा आवाज शेतावर उभ्या असलेल्या तरुण बाईचा होता. "माज्या बाजूला चंपाचा नवरा हाय. सारखी तपकीर वढतो. पलीकडचा मास्तर हाय, पाठ करून उभा. कुनी बोलत न्हाय, पन सोबत हाय."

अंबिकानं सगळीकडे पाहिलं. तिला धारांशिवाय काही दिसलं नाही. तिनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "आणि हे?"

"तो न्हाय हितं. तो घरी हाय," म्हातारी म्हणाली. "माजे उशीखाली."

अंबिका घरी गेली नाही. ती म्हातारीच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात तिच्या काखेत घालून, पाणी चढलं तसं तिला वर उचलून धरत. वजन असं नव्हतंच, ओल्या गोधडीएवढं. पाणी अंबिकाच्या गळ्याशी आलं आणि तिथे थांबलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुठूनतरी एक खाकरल्याचा आवाज आला, पावसाच्या धारा एकाएकी सगळीकडे सारख्या जमिनीवर पडायला लागल्या, आणि पाणी उतरायला लागलं. त्याच क्षणी म्हातारीच्या पायांतलं बळ गेलं. अंबिकानं तिला पाठुंगळी घेतलं आणि चिखल तुडवत घरी आणलं.

त्या उधाणाला मागच्या रांगेत कोणाच्याच घरात पाणी आलं नाही. स्वप्नील म्हणाला, तो लोड अखेर बसला.

आता दर उधाणाला दुपारी अंबिका सासूला कोरडं लुगडं नेसवते, मागचं दार उघडून देते आणि तिच्या मागोमाग जाऊन उभी राहते. कौस्तुभलाही आता सगळं ठाऊक आहे. तो थर्मासमधून चहा आणून बांधावर ठेवतो, आणि आई त्याला तिथून पिटाळते. लोक विचारतात, म्हातारी चालायला लागली का? अंबिका म्हणते, कधी कधी.

एकदा तिनं हंसाला विचारलं होतं, कापड कुजायच्या आधी तुमचं काही झालं तर? म्हातारी गोधडीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मंग काय, उभी राहीन. कापड हाय तवर सुटका न्हाय." जणू दुसऱ्याच कोणाचं सांगत होती.

म्हणून रोज ओहोटीला अंबिका बांधावर असते. तिनं शिवणाची गिऱ्हाइकं निम्मी केलीत. निळ्या लोडावर तिनं नवी रोपं लावलीत, त्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सोडवते, बुंध्याशी शेवाळ धरलं तर खरवडते. लोकांना वाटतं, बाईला झाडांचं वेड लागलं. तिला झाडांचं काही नाही. म्हातारी जायच्या आत मुळांनी चिखल धरायला हवा, म्हणजे लोडातलं कापड काढून घेता येईल, एवढंच तिला हवंय.

"मुलं आली का गो?" हंसा रोज मुळांचं विचारते.

"येतायत, आई."

उशीखालचा शर्ट अंबिकानं मागितलेला नाही. एकदा चादर बदलताना तिनं तो हातात घेतला होता, उघडाच, अभ्र्याशिवाय. वास घेतला. यतीनचा वास कुठेच नव्हता. सगळा म्हातारीच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. तिनं तो घडी घालून परत उशीखाली ठेवला.